पाठमोरी बैठक

वैभवी पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मंगरूळपीरच्या बसमधून उतरून आलेली, पंचविशीची पोरगी, अंगात साधा कुडता आणि दोन्ही कानांवर आवाज अडवणारी काळी मोठी झाकणं. मी जयभीम केला, तर तिनं दाराच्या चौकटीकडे बघून जयभीम म्हटलं. चहा नको म्हणाली. का नको, तर कपाचा पिवळा रंग तिला सोसत नाही. असं तोंडावर सांगणारी बाई एकतर भोळी असते नाहीतर पक्की बेरकी, आणि भोळी तर ती मला अजिबात वाटली नाही.

वाशिमच्या डॉक्टरांकडे ज्या समुपदेशक बाई बसतात त्यांनी तिला माझ्या मुलासाठी पाठवलं होतं. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, शिक्षिका नाही. मग कोण, असं मी विचारलं, तर म्हणाली, मी प्रसेनजितसारखीच आहे. ही काय ओळख झाली? पण समुपदेशक बाईंचा फोन येऊन गेला होता, म्हणून मी गप्प बसले.

मी पौर्णिमा. कामरगावात शिवणकाम करते आणि आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे, म्हणून समाजमंदिराची किल्ली माझ्या कमरेला असते. संशय घेणं हा माझा स्वभावच आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. छप्पन साली आमच्या आजेसासऱ्यांनी घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले, ते काय त्यांच्या नातसुनेनं पुन्हा गंडेदोरे गोळा करावेत म्हणून नाही. मागं एक बाबा आमच्या वस्तीत ताईत वाटत फिरायला लागला होता. त्याला मी चप्पल हातात घेऊन बसस्टँडपर्यंत पोचवलं. तेव्हापासून गोड बोलणारा किंवा कमी बोलणारा कुणीही नवा माणूस वस्तीत आला की बाया आधी माझ्याकडे बघतात.

प्रसेनजित माझा एकुलता एक. लहानपणी उशिरा बोलला, आणि बोलला तो थेट पूर्ण वाक्यात. शिलाई मशीनचा आवाज त्याला सोसायचा नाही, म्हणून मी मशीन शेजारणीच्या ओसरीत नेऊन ठेवली. डोळ्यांसमोर बोटं नाचवायचा, ती सवय मी हातावर चापट्या मारून मोडली. पुढं आयटीआयसाठी वाशिमला होस्टेलवर ठेवला. तिथं पोरांनी त्याला काय केलं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. परत आला तो निम्माच आला. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, अंघोळ सुटली. मग एका दुपारी तो घरात सापडला नाही, आणि जिथं सापडला तिथून त्याला त्याच्या बाबांनी उचलून घरी आणला. एवढंच सांगते.

डॉक्टरांनी दोन नावं सांगितली. एक स्वमग्नता, ती जन्मापासूनची. दुसरं नैराश्य, ते आत्ताचं. गोळ्या सुरू झाल्या. त्याचे बाबा मानोऱ्याला एका वसतिगृहावर चौकीदार, आठवड्यातून एकदा घरी येतात. उरलेले दिवस घरची चौकीदारी माझ्याकडे. त्याच्या खोलीची आतली कडी मी काढून टाकली. घरातल्या कोणकोणत्या वस्तू कुठं कुठं लपवल्या ते सांगत नाही. आणि एक गोष्ट पक्की केली, मरण हा शब्द आमच्या घरात निघायचा नाही. शेजारीण सहज म्हणाली, गरमीनं मरून राह्यलो बाई, तर मी तिच्याकडे असं बघितलं की ती सोलत असलेला लसूण घेऊन घरी गेली.

तर वैभवी म्हणाली, गट करू. दर रविवारी दुपारी, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत. प्रसेनजित, दुसरा हरीओम, तिसरी राखी. हरीओम म्हणजे वरच्या आळीतल्या प्रयागबाईंचा मुलगा. घरची शेती मोठी, तेवीस वर्षांचा आडदांड गडी, मिशा फुटलेल्या, पण चारचौघांत मान वर करायचा नाही. राखी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. तिचे वडील सोमला तिला जीपनं घेऊन यायचे आणि बैठक संपेपर्यंत पायरीवर बिडी ओढत बसायचे. मोठ्या माणसांनी आत यायचं नाही, असा वैभवीचा नियम होता. आणि वर दुसरा नियम, तिथं जे बोलणं होईल ते घरी सांगायचं नाही.

आता मला सांगा, घरी सांगू नका असं कोण म्हणतं? त्या ताईतवाल्या बाबानंही बायांना हेच बजावलं होतं. मी वैभवीला तसं तोंडावर म्हटलं. ती रागावली नाही, लाजली नाही, भिंतीवरच्या पालीकडे बघत म्हणाली की जिवाला धोका दिसला तर ती सांगेल, बाकीचं नाही. मी किल्ली दिली, पण मनातून दिली नाही.

पहिल्या दोनतीन रविवारनंतर प्रसेनजित जेवायला लागला. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही, पण त्या आनंदाला सुद्धा संशयाची किनार होती. गोळ्यांनी जे झालं नाही ते एका रिकाम्या खोलीत कशानं झालं? राखीचं आणि ह्याचं काही सुरू तर नाही? वैभवी ह्यांना काही पाजत तर नाही? वर्तमानपत्रात काय काय येतं. मी त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. त्यानं शांतपणे घेऊ दिला.

मग एक दिवस त्याची पँट धुताना खिशात गजगा सापडला. काटेरी वेलीचं ते राखाडी, गुळगुळीत, टणक बी. पोरी खेळायला घेतात, आणि पूर्वीच्या बाया दृष्ट लागू नये म्हणून लेकराच्या कमरेला बांधायच्या. माझ्या तर डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हे चाललं होतं तर! मी विचारलं, कुणी दिला. तो म्हणाला, वैभवीनं. कशाला दिला. तो म्हणाला, हातात ठेवायला. मी तो गजगा उचलला आणि मागच्या उकिरड्यावर असा भिरकावला की हात दुखला. पुढच्या रविवारी त्याच्या खिशात दुसरा गजगा. वैभवीच्या पिशवीत त्यांची पुरचुंडीच असते असं कळलं.

मला साक्षीदार पाहिजे होता, म्हणून मी प्रयागबाईकडे गेले. तिचे ब्लाउज मी बरीच वर्षं शिवते, पण त्यांच्या ओसरीच्या पुढं कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि तिनंही कधी आत ये म्हटलेलं नाही. त्या दिवशी मी गजगा म्हटल्याबरोबर तिनं माझा हात धरला आणि थेट देवघरापाशी नेलं. पितळेच्या ताटलीत हरीओमचा गजगा, त्यावर हळदकुंकू, बाजूला झेंडूचं फूल. पोरीच्या हाताले गुण हाय पौर्णिमा, ती कुजबुजली, माह्यं पोरगं आता झोपून राह्यलं. तिनं सोवळ्यात ठेवला म्हणून हरीओमलाही वैभवीकडून दुसरा घ्यावा लागला होता. मी उकिरड्यावर टाकला, हिनं देवात बसवला. तिनं मला गळ घातली की तू आपली काही बोलू नको, गुण उतरतो. माझी तर खात्रीच पटली. एवढी शहाणी बाई देवघरात गजगा पुजते, म्हणजे वैभवीनं मंतरलं नाही असं कोण म्हणेल?

त्यातच एका रविवारी बैठक सुटल्यावर हरीओम प्रसेनजितच्या मागोमाग आमच्या घरी आला. अंगणातल्या दगडावर बसला तो उठेचना. पाणी नको, चहा नको, बोलणं नाही. प्रसेनजित आत, हा बाहेर. मी दोनदा सुचवलं की तुझी आई वाट बघत असेल. तो म्हणाला, नाही पाहत. संध्याकाळी प्रसेनजितचे बाबा मानोऱ्याहून आले, सायकल भिंतीला लावली, तेव्हा कुठं तो उठला आणि एक शब्द न बोलता गेला. वैभवीनं ह्याला पाळत ठेवायला पाठवलाय, असंच मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, पोरगा बसला त बसला, तुह्यं काय घेतलं? पुरुषांना काही कळत नाही.

पुढच्या रविवारी मी शेवग्याचा पाला तोडायचं निमित्त केलं. समाजमंदिराच्या मागच्या खोलीची खिडकी शेवग्याच्या झाडाखालीच आहे.

आत चौघं खोलीच्या मधोमध जमिनीवर बसलेले, पण एकमेकांकडे पाठ करून. प्रत्येकाचं तोंड आपापल्या भिंतीकडे. भांडण झालेल्या जावा जेवायला बसाव्यात तसे. हरीओम पुढंमागं झुलत होता. राखी एकाच सुरात काहीतरी गुणगुणत होती. आणि माझा प्रसेनजित डोळ्यांसमोर बोटं नाचवत होता, जी सवय मी मोडली म्हणून मला अभिमान होता. मग त्यानंच काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही, आणि चौघंही हसले. होस्टेलवरून आल्यापासून मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. माझ्या घरात न आलेलं हसू इथं, भिंतीकडे तोंड करून! मला आनंद झाला नाही. मला हेवा वाटला, सरळ सांगते.

आणि मग वैभवीनं, भाजीत मीठ पुरे का असं विचारावं तशा आवाजात, विचारलं, "राखी, या आठवड्यात मरावंसं वाटलं का?"

शेवग्याची फांदी माझ्या हातात मोडली.

राखी म्हणाली, नाही. वैभवीनं हरीओमला विचारलं. तो म्हणाला, एकदा वाटलं, मग मी म्हशीपाशी जाऊन बसलो. वैभवी म्हणाली, बरं केलं. मग तिनं प्रसेनजितचं नाव घेतलं, आणि पुढचं मी तिला बोलू दिलं नाही. फेरी मारून दार ढकलून आत शिरले.

"काय शिकवून राह्यली वं तू लेकराइले?"

राखीनं कान झाकले. वैभवीनंही झाकले. तोंड भिंतीकडेच ठेवून ती म्हणाली, "काकू, हळू बोला. विचारल्यानं मनात येत नाही. आलेलंच असते. कोनी विचारत नाही म्हून एकट्यानं धरून बसा लागते."

"माह्या घरात हा शब्द चालत नाही."

"शब्द नाही चालत," ती म्हणाली. "बाकी समदं हाय तुमच्या घरात."

असं बोलणं ऐकून घेणारी मी नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. सोमलाभाऊंना सांगितलं की तुमची पोरगी सांभाळा, ही बाई पोरांना मरणाची उजळणी करायला लावते. त्यांनी बिडी विझवली आणि राखीला जीपकडे नेलं. मी प्रसेनजितचं मनगट धरलं आणि चालू लागले. त्यानं ओढाताण केली नाही. गल्लीच्या तोंडाशी एकदाच म्हणाला, "म्या सांगतलंच नाही अजून." मी म्हटलं, घरी चल.

समुपदेशक बाईंना मी फोन केला. मला वाटलं, त्या वैभवीला झापतील. त्या म्हणाल्या की पौर्णिमाताई, असं विचारायचं आम्हीच शिकवतो, विचारल्यानं जीव हलका होतो. मी मनात म्हटलं, म्हणजे तुम्ही सगळे सामील आहात.

पुढच्या रविवारी सोमला आणि राखी तांड्यावरून आले, कुलूप बघितलं आणि दोघं पायरीवर बसून राहिले. जीप परत निघेपर्यंत राखी कुलपाकडेच बघत होती, असं शेजारणीनं मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, बसू दे. वैभवी आली नाही. रोज प्रसेनजितला तिचा फोन मात्र यायचा. तिसऱ्या दिवशी मी फोन माझ्याकडे घेतला.

तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. ताटातली भाकर तशीच. मी दर थोड्या वेळानं दारातून डोकावायची, रात्री त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर अंथरूण टाकायची. त्याचा श्वास ऐकायची आणि आपला रोखून धरायची. गोळ्या मी स्वतः हातात द्यायची, गिळल्या का ते बघायची. ह्यापेक्षा जास्त एखादी आई काय करणार? हे मी दिवसातून कितीतरी वेळा स्वतःला विचारलं, आणि उत्तर येत नव्हतं म्हणून मला रागच यायचा, वैभवीचा.

प्रयागबाईचं पोरगं मात्र रोज दुपारी येऊन अंगणातल्या दगडावर बसायला लागलं. पहिल्या दिवशी मी त्याला गोडीत परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी फाटक लावून घेतलं, तर तो समोरच्या निंबाखाली जाऊन बसला, आमच्या खिडकीकडे पाठ करून. मी प्रयागबाईला निरोप धाडला. ती आली ती माझ्यावरच करवादली, की गुण असलेली पोरगी तू हाकलली, आता माझं पोरगं रात्री पुन्हा चकरा मारतं. मग ती त्याला न्यायला निंबाखाली गेली, आणि तो उठला नाही, तेव्हा डोक्यावर पदर घेऊन ती एकटीच परत गेली.

पुढच्या एका दिवशी मी मशीनवर गेले नव्हते. दुपारचं झाडून काढत होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. हरीओम कधी फाटक वाजवत नव्हता. मी गेले. तो माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. आधी मनात म्हणून घेत असावा. मग त्यानं मूठ उघडली. तळव्यावर दोन गजगे.

"एक माहा. एक त्याचा," तो म्हणाला. "सकाळी खिडकीतून देल्ला त्यानं. देल्ला म्हंजे आज एकट्याले सोडाचं नाही. मांगच्या टायमालेबी देल्ला होता, मंग म्या बसलो होतो तुमच्या इथं."

मला एकदम तो रविवार आठवला, सायकल भिंतीला लागेपर्यंत दगडावरून न हललेला हा गडी.

"मंग आज काय बोलाले आला?" मी विचारलं, पण आवाजात धार उरली नव्हती.

"काकू, त्याले विचारा. म्या विचारलं असतं. तुमी मले आत येऊ देत नाही."

तरीसुद्धा, खरं सांगते, त्या क्षणीही मनात आलं की ह्याला वैभवीनंच पढवून पाठवलं असेल. पण आत माझा पोरगा होता. पढवलेलं असो नाहीतर नसो, त्या मुठीतला एक गजगा त्याचा होता, आणि तो त्यानं मला न देता खिडकीतून बाहेर दिला होता.

मी आत गेले. प्रसेनजित भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी खाटेच्या खाली जमिनीवर बसले आणि विचारायला तोंड उघडलं, तर निघालं काय, जेवतोस का. पुन्हा तोंड उघडलं. मी म्हटलं, पंखा लावू का. त्याच्या पाठीकडे बघून मला ते जमेना. मग मी वळले. त्याच्या खाटेला पाठ लावली आणि समोरच्या भिंतीवर, पोपडे निघालेल्या चुन्यावर डोळे ठेवले.

"प्रसेनजित," मी म्हटलं, "मरावंसं वाटते का तुले?"

खाट करकरली. तो उठून बसला असावा. मी वळून बघितलं नाही.

"हो," तो म्हणाला. "सकाळपासून. काल कमी होतं."

मला रडू फुटलं. मी पदर तोंडात कोंबून रडले, मग कोंबायचंही सोडून दिलं. तो थांबून राहिला. समजूत घातली नाही, जवळ आला नाही. माझं रडणं ओसरल्यावर त्यानं विचारलं, "आन तुले?"

"मले काय?"

"विचाराचं असते. ज्यानं विचारलं त्यालेबी विचारतेत. वैभवीले आमी विचारतो. तुले वाटते का?"

त्या दिवशी खिडकीखाली मी तेवढं थांबलेच नव्हते. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ना डॉक्टरांनी, ना ह्याच्या बाबांनी, ना विहारातल्या बायांनी. छट, मले काहून वाटीन, हे उत्तर जिभेवर तयारच होतं. रात्ररात्र उंबऱ्यावर पडून, ह्याचा श्वास मोजत, माझ्या मनात काय काय येऊन जातं ते मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. पण त्यानं खरं सांगितलं होतं. त्याला खोटं ऐकू गेलं असतं.

"वाटते," मी म्हटलं. "कधी कधी."

"आज?"

"आजबी. सकाळी, भाकर टाकता टाकता."

तो दचकला नाही. आता काय बोलेल, ह्याच्यावर हे ओझं टाकून मी काय करून बसले, असं माझ्या मनात येत होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "मंग हरीओमले आत बलाव. आन वैभवीले फोन कर. एक असतं त एकजन पुरला असता. आता आपन दोघं हाओ."

मी उठले आणि फाटक उघडायला गेले.